वजन कुठे बसलंय ते आधी बघा: जुन्या मसल कारच्या पुढच्या सस्पेन्शनचं निदान

जुनी अमेरिकन मसल कार, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली ताकदवान इंजिनाची गाडी, बाळगणाऱ्यांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: गाडी सरळ चालत नाही. कधी ती एका बाजूला ओढते, कधी हायवेवर डुलते, कधी ब्रेक दाबला की भलतीकडे वळते, कधी नुसतीच करकरते. मालक मग पुढच्या सस्पेन्शनचा अख्खा किट मागवतो. आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड, बुश, सगळं एकाच खोक्यात येतं. पैसे जातात, सुट्टीचे दिवस जातात आणि गाडी तशीच डुलत राहते, कारण झीज होती स्टिअरिंग बॉक्समध्ये, नाहीतर टायर बारा वर्षांचे होते.

किट वाईट नसतो. पण काय बिघडलंय हे न कळता तो बसवला, तर मूळ दोष जागेवर राहतो आणि नवे भाग चुकीचे आवळले गेले की त्यात आणखी एक-दोन दोषांची भर पडते. म्हणून इथे दुरुस्तीपेक्षा निदानाबद्दल जास्त लिहितोय. उदाहरणाला मुख्यतः १९६५ ते १९७० मधली फोर्ड मस्टँग घेतली आहे, आणि जिथे फरक आहे तिथे जनरल मोटर्सच्या शेव्हेल, जीटीओ, कॅमेरो आणि क्रायस्लरच्या गाड्या. मस्टँग ही मसल कार की पोनी कार, यावर अमेरिकेत लोक तासन्‌तास भांडतात. त्यांना भांडू द्या. पुढची चाकं दोन्हींची सारखीच खडखडतात.

मस्टँगची एक गोष्ट मराठी वाचकाला सांगायलाच हवी. ती तीन कारखान्यांत बनायची: मिशिगनमधलं डिअरबॉर्न, कॅलिफोर्नियातलं सॅन होजे आणि न्यू जर्सीतलं मेटचन. हा मेटचनचा कारखाना प्रत्यक्षात होता एडिसन गावात. आज एडिसन म्हटलं की आपल्या लोकांना ओक ट्री रोडवरची भारतीय दुकानं आठवतात, पण साठच्या दशकात तिथून मस्टँग बाहेर पडत होत्या. गाडीच्या ओळख क्रमांकातलं दुसरं अक्षर टी असेल तर ती एडिसनची. एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे.

स्प्रिंग कुठल्या आर्मवर आहे?

पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आर्म असतात, वरचा आणि खालचा. दोन्ही आर्मची आतली टोकं गाडीच्या सांगाड्याला बुशांवर (सांध्यात बसणाऱ्या रबराच्या किंवा धातूच्या नळ्यांवर) जोडलेली असतात, म्हणून आर्म वरखाली हलू शकतात. बाहेरच्या टोकांना बॉल जॉइंट असतात. बॉल जॉइंट म्हणजे खांद्याचा सांधा: वाटीत बसलेला गोळा, जो वरखालीही हलतो आणि फिरतोही. दोन बॉल जॉइंटांच्या मध्ये उभा स्पिंडल असतो आणि त्यावर चाक.

आता सगळ्या निदानाची किल्ली. गाडीचं वजन स्प्रिंगमधून चाकापर्यंत जातं. स्प्रिंग ज्या आर्मवर टेकते, त्याच आर्मच्या बॉल जॉइंटवर वजन येतं. दुसरा बॉल जॉइंट वजन घेत नाही, फक्त चाकाला उभं धरून ठेवतो. वजन घेणारा आधी झिजतो, आणि त्याची झीज वजनाखाली लपून राहते. गोळा वाटीत इतका घट्ट दाबलेला असतो की सांधा कितीही ढिला झाला तरी हाताला काही जाणवत नाही. तो ओझ्यातून मोकळा केला, तरच खरी अवस्था कळते.

शेव्हेल, जीटीओ, पहिल्या पिढीची कॅमेरो या गाड्यांत कॉइल स्प्रिंग फ्रेम आणि खालचा आर्म यांच्या मध्ये असते. म्हणजे वजन खालच्या बॉल जॉइंटवर. मस्टँगमध्ये उलटं आहे. १९६४ च्या एप्रिलमध्ये ती बाजारात आली तेव्हा तिच्या खाली फोर्डच्या साध्या, स्वस्त फाल्कनचाच सांगाडा होता. फाल्कनमध्ये स्प्रिंग वरच्या आर्मच्या डोक्यावर असते आणि तिचं वरचं टोक इंजिनच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या पत्र्याच्या मनोऱ्यात टेकतं. याला शॉक टॉवर म्हणतात. म्हणून मस्टँगमध्ये वजन वरच्या बॉल जॉइंटवर येतं, आणि पुढच्या टोकाचा सगळा भार त्या पत्र्याच्या टॉवरवर. ही गोष्ट लक्षात ठेवा, टॉवरकडे परत यायचंय.

क्रायस्लरच्या गाड्यांत, म्हणजे चार्जर, रोड रनर, चॅलेंजर वगैरेंत, पुढे कॉइल स्प्रिंगच नसते. १९५७ पासून त्यांनी लांबलचक पोलादी दांडे वापरले, जे पीळ बसल्यावर स्प्रिंगचं काम करतात. टॉर्शन बार. हा दांडा खालच्या आर्मला पीळ देतो, म्हणून वजन खालच्या बॉल जॉइंटवर. शिवाय या गाड्यांची पुढची उंची एका बोल्टने कमी-जास्त करता येते. आधीच्या मालकाने गाडी 'छान दिसावी' म्हणून तो बोल्ट फिरवलेला असला, तर बाकी सगळं ठीक असूनही चाकांचे कोन बिघडलेले असतात. तेव्हा क्रायस्लरवाल्यांनी आधी उंची मोजावी, मगच पुढे जावं.

जॅक लावण्याआधी

बऱ्याच 'सस्पेन्शनच्या' तक्रारी टायरमध्ये संपतात. या गाड्या वर्षातून थोड्याच चालतात, त्यामुळे टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि आतलं रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. त्यावर गाडी चालवूच नका. हवा दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते मोजा. मालकाच्या जुन्या पुस्तिकेतला हवेचा आकडा त्या काळच्या बायस-प्लाय टायरांसाठी (आतले धागे तिरके असलेल्या) आहे, आज तुमच्या गाडीखाली बहुधा रेडियल (आतले धागे आडवे असलेले) आहेत. तो आकडा त्यांना लागू होत नाही.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून पाहा. ओढण्याची बाजू बदलली, तर दोषी टायर. रेडियलच्या आतले पट्टे सरकले की असं होतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ही चाचणी फुकट आहे, तरी लोक ती सगळ्यात शेवटी करतात. आणखी एक गोष्ट: अमेरिकेत रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, आणि गाड्या उजवीकडून चालतात. त्यामुळे कुठलीही गाडी थोडी उजवीकडे कलणारच. मोकळ्या सपाट जागेत तपासल्याशिवाय ती दोषाच्या यादीत घालू नका.

टायरची झीज वाचायला शिका. फक्त आतली कड झिजली असेल तर चाक वरून आत कललंय. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. नक्षीवरून हात आडवा फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर चाकं एकमेकांना समांतर चालत नाहीयेत. जागोजागी खड्डे पडले असतील तर शॉकअप मेलाय, किंवा चाकाचं संतुलन बिघडलंय, किंवा काहीतरी ढिलं आहे.

मग उंची. सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. एक बाजू स्पष्टपणे खाली असेल तर त्या बाजूची स्प्रिंग बसली आहे, किंवा कुणीतरी स्प्रिंगचे वेढे कापले आहेत, किंवा सांगाडा वाकला आहे. बसक्या स्प्रिंगवर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन लावून घेणं, म्हणजे पैसे पाण्यात.

पुढचा कोपरा जोरात खाली दाबून सोडण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते. गाडी डुलत राहिली तर शॉकअप मेला हे खरं. पण ती थांबली म्हणजे शॉकअप ठणठणीत, असं मात्र नाही. ही चाचणी फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते. अर्धमेला शॉकअप हायवेच्या लाटेवरच कळतो. त्याच वेळी कान द्या, कारण दाबताना येणारी करकर ही मस्टँगची खास ओळख आहे, तिच्याबद्दल पुढे.

जॅक कुठे लावायचा

इथेच बहुतेक घरगुती तपासण्या फसतात. जॅक चुकीच्या जागी लावला की वजन घेणारा बॉल जॉइंट दाबलेलाच राहतो आणि झिजलेला सांधाही 'ठीक' वाटतो.

शेव्हेल किंवा कॅमेरो असेल तर जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ लावा. स्प्रिंगचं ओझं जॅकवर येतं, बॉल जॉइंट मोकळा होतो आणि चाक अधांतरी लटकतं. क्रायस्लरलाही हेच. आता टायरखाली एक पहार घालून चाक वर उचला. खालच्या सांध्यात वरखाली हालचाल दिसली, तर ती झीज. किती चालते ते तुमच्या गाडीच्या कारखाना पुस्तिकेत दिलेलं असतं; अंदाजावर जाऊ नका, कारण काही बॉल जॉइंट नवे असतानाही थोडे हलतात. वरचा, ओझं न घेणारा सांधा मात्र ढिला नसावा. चाकाचा वरचा भाग आतबाहेर ढकलताना तो हलला, तर गेला.

मस्टँगला हे चालत नाही. तिथे खालच्या आर्मखाली जॅक लावला, तर स्प्रिंगचा दाब वरच्या सांध्यावर तसाच राहतो. नुसती बॉडीखाली उचलली, तरी स्प्रिंग वरच्या आर्मला खाली ढकलतच असते. करायचं असं: गाडी जमिनीवर असतानाच वरचा आर्म आणि त्याखालची सांगाड्याची आडवी पट्टी यांच्या मध्ये लाकडाचा किंवा धातूचा ठोकळा सारा. मग गाडी बॉडीच्या फ्रेमखालून उचला. आर्म ठोकळ्यावर टेकतो, स्प्रिंगचं ओझं ठोकळा घेतो आणि वरचा बॉल जॉइंट मोकळा होतो. हा ठोकळा न लावता केलेली मस्टँगची तपासणी, माझ्या मते, न केल्यासारखीच.

ओझं घेणारा बॉल जॉइंट ही हयगय करण्याची जागा नाही. शेव्हेलसारख्या गाडीत वजन खालच्या आर्मला खाली खेचतं आणि स्पिंडल त्याला धरून ठेवतो, म्हणजे सांध्यावर सतत ताण असतो. सांधा सुटला तर आर्म खाली पडतो, चाक दुमडतं आणि गाडी पुढच्या कोपऱ्यावर बसते. पार्किंगमध्ये झालं तर फेंडर जातं. हायवेवर काय होईल ते सांगायला नको.

चाक अधांतरी आहे, तोवर ते वर आणि खाली धरून हलवा, घड्याळात बारा आणि सहा वाजतात त्या जागी. खट्‌कन हललं तर दोष बॉल जॉइंटमध्ये किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये. कशात, हे ओळखायची सोपी युक्ती: कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. हालचाल थांबली तर ती बेअरिंगची होती, कारण ब्रेकने हब आणि स्पिंडल एकमेकांना जखडले. तशीच राहिली तर सांधा. या गाड्यांची पुढची बेअरिंगं निमुळत्या रोलरची असतात, ती घट्ट आवळायची नसतात. चाक फिरवत बेअरिंग बसवायचं, मग नट ढिला करायचा, परत हलक्या हाताने लावायचा आणि नवीन स्प्लिट पिन घालायची. केसाएवढा ढिलेपणा त्यात मुद्दाम ठेवलेला असतो. तो पाहून घाबरून नट पिळणारे लोक बेअरिंग जाळतात.

मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथली हालचाल टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा), आयडलर आर्म किंवा स्टिअरिंग बॉक्सकडे बोट दाखवते. पण त्यांची खरी तपासणी गाडी जमिनीवर असताना होते.

हे सगळं करताना गाडी स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नाही. आणि बॉल जॉइंटचा नट किंवा आर्मचा बोल्ट स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय उघडू नका. त्या वेढ्यांत साठलेला जोर माणूस मारू शकतो. तपासणीसाठी यातलं काहीही उघडायची गरज नसते.

एक मदतनीस, चालू इंजिन आणि तुमची बोटं

स्टिअरिंगमधला ढिलेपणा पकडायला दोन माणसं लागतात. गाडी चाकांवर उभी, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, गिअर पार्कमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर आणि मागच्या चाकांना अडणी. आत बसलेल्याने स्टिअरिंग डावीउजवीकडे अगदी थोडं, चाकं हलायला लागतील एवढंच हलवत राहायचं. तुम्ही खाली पाहा आणि प्रत्येक जोडावर बोटं ठेवा. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा थोड्या वेळाने हलतो, तिथे दोष. डोळ्यांपेक्षा बोटांना हे लवकर कळतं.

वरून खाली येत जा. स्टिअरिंगचा दांडा बॉक्सला जिथे जोडतो तिथे जनरल मोटर्सच्या गाड्यांत रबर-कापडाची एक चकती असते. ती फाटली की सगळं बरोबर असूनही स्टिअरिंग पोकळ वाटतं. मग बॉक्स: आत येणारा दांडा फिरतो पण बाहेर निघणारा पिटमन आर्म उशिरा हलतो का? बॉक्सच्या वर एक स्क्रू आणि नट असतो, तो फिरवला की ढिलेपणा कमी होतो. मोह होतो. पण तो स्क्रू चाकं सरळ असताना, जोडणी सोडवून, पुस्तिकेतल्या मापाप्रमाणेच लावायचा असतो. नुसता पिळत गेलात तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग घट्ट होतं, वळणानंतर आपोआप परत येत नाही आणि आतले दाते खाल्ले जातात.

मग आयडलर आर्म. पिटमन आर्मच्या विरुद्ध बाजूला तो दोन्ही टाय रॉडना जोडणाऱ्या मधल्या आडव्या दांड्याचं दुसरं टोक धरून ठेवतो. हा पुढच्या टोकातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. तो वरखाली हलू लागला की मधल्या दांड्याचं एक टोक वरखाली होतं, आणि त्याबरोबर चाकांची दिशाही. गाडी खड्ड्यागणिक थोडी वळते आणि मालक अलाइनमेंटवाल्याला दोष देतो. हाताने धरून वरखाली ढकलून पाहा. मस्टँगच्या आयडलर आर्मला रबराचा बुश असतो, आणि तो बसवताना चाकं सरळ असायलाच हवीत. चाकं वळलेली असताना नट आवळला तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि स्टिअरिंग सोडलं की गाडी दर वेळी त्याच बाजूला जाते. नवीन भाग बसवल्यावर गाडी ओढायला लागली, तर आधी हे तपासा.

पॉवर स्टिअरिंगच्या जुन्या मस्टँगसाठी एक खास चाचणी. या गाड्यांत पॉवर स्टिअरिंग बॉक्सच्या आत नव्हतं. खाली जोडणीवर एक कंट्रोल व्हॉल्व्ह आणि वेगळा हायड्रॉलिक दांडा असायचा. पुढची चाकं उचला, गाडी स्टँडवर भक्कम ठेवा, इंजिन चालू करा आणि स्टिअरिंगला हात लावू नका. चाकं आपण होऊन एका बाजूला वळली, तर व्हॉल्व्हचं संतुलन गेलंय. असा व्हॉल्व्ह घेऊन लोक अलाइनमेंटच्या दुकानांत फेऱ्या मारत राहतात. चाकांच्या कोनांशी त्या ओढीचा काही संबंधच नसतो.

आवाज आणि ब्रेक

मस्टँगची करकर दोन जागांहून येते. वरच्या आर्मच्या आतल्या टोकाला धातूचे, आटे असलेले बुश असतात आणि ते ग्रीस मागतात. ग्रीस भरायची जागा शॉक टॉवरच्या आत अशी अडचणीत आहे की वर्षानुवर्षं तिथे कुणी जात नाही. दुसरी जागा म्हणजे स्प्रिंग ज्या बैठकीवर बसते तिचा बुश. बॉनेट उघडून, एक जण बंपर दाबत राहिला आणि दुसऱ्याने बोट लावून कंप शोधला, की कुठली करकर ते कळतं.

खडखड आणि टकटक यांचं निदान ती केव्हा येते त्यावरून करा. एकाच चाकाखाली लहान खड्डा आला की टक्, तर अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांडीच्या) टोकाच्या दांड्यांचे रबर. ब्रेक लावताना किंवा रिव्हर्सला जाताना एकदाच टक्, तर स्ट्रट रॉड. मस्टँगचा खालचा आर्म आतल्या बाजूला एकाच बोल्टवर असतो, म्हणून त्याला पुढेमागे जाऊ न देण्यासाठी एक दांडा तिरका पुढे जातो आणि रबरी बुशांत धरलेला असतो. ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, दांडा ताणला जातो. रबर गेलं असेल तर चाक खरोखर मागे सरकतं आणि गाडी त्या बाजूला वळते. गाडी चालण्याच्या वेगाने पुढेमागे नेऊन हलका ब्रेक मारायला सांगा आणि बाजूला उभं राहून चाक कमानीत सरकतं का बघा. समोर उभे राहू नका.

पण ब्रेक लावतानाच ओढणाऱ्या प्रत्येक गाडीत स्ट्रट रॉडला दोष देऊ नका. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना पुढे ड्रम ब्रेक आहेत. एका बाजूचा सिलिंडर गळत असेल किंवा जुना रबरी ब्रेक होज आतून फुगला असेल तरी हेच होतं. दोन-चार मैल चालवून दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एक जास्त तापला असेल तर सस्पेन्शन सोडा, ब्रेक उघडा.

कॅमेरोचा आणखी एक आवाज असतो. तिचा पुढचा भाग वेगळ्या छोट्या फ्रेमवर आहे आणि ती फ्रेम रबरी माउंटांवर बॉडीला बोल्ट केलेली आहे. ते रबर कुजलं की पुढचं सगळं टोक बॉडीखाली हलतं आणि तो आवाज बुशातून येतोय असं वाटतं.

टॉवरकडे परत

मस्टँगच्या शॉक टॉवरवर अनेक दशकं गाडीचं वजन आणि रस्त्याचे धक्के बसतात. मोठी इंजिनं बसवलेल्या गाड्यांत तर जास्तच. टॉवर हळूहळू आत कलतात, त्यांच्या कडांना आणि वेल्डजवळ बारीक भेगा पडतात. मिशिगन आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या गाड्यांत टॉवरच्या तळाशी आणि पुढच्या फ्रेमला गंज असतो, आणि बऱ्याचदा त्यावर जाड काळा रंग मारलेला असतो. ब्रश आणि टॉर्च घेऊन बघा. हातोड्याने हलकं ठोका. आवाज बद्द आला आणि पत्रा चुरडला, तर नवीन बॉल जॉइंटचा विचार बाजूला ठेवा.

टॉवर कललेत का हे ओळखायची एक चांगली खूण आहे. टॉवर एकमेकांना बांधणारी मोंटे कार्लो बार नावाची आडवी दांडी बाजारात मिळते. ती सरळ बसायला हवी. भोकं जुळवायला टॉवर ताणून उघडावे लागत असतील, तर ते आत आलेले आहेत. दुसरी खूण शिमांची, म्हणजे पातळ चकत्यांची. १९६५ आणि १९६६ च्या मस्टँगमध्ये वरच्या आर्मच्या मुळाशी पत्र्याच्या चकत्या घालून चाकांचे कोन लावतात. दोन बाजूंच्या चकत्यांची जाडी फारच वेगळी असेल, तर कुणीतरी वाकलेली गाडी चकत्यांनी सरळ करून दाखवली आहे. (१९६७ पासून फोर्डने ही सोय खालच्या आर्मच्या बोल्टवरच्या, भोक मध्याबाहेर असलेल्या चकतीत आणि स्ट्रट रॉडच्या नटांत नेली.)

याच टॉवरला भोकं पाडून वरचा आर्म एक इंच खाली घेण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांनी सुचवलेली ही रचना १९६५ च्या शेल्बी जीटी३५० मध्ये (मस्टँगच्या जास्त वेगवान आवृत्तीत) आली, आणि तिने वळणावर टायर रस्त्याला जास्त चांगला टेकतो. गाडी घेताना ती कुणी केली आहे का ते बघा. भोकं नेमकी आणि दोन्ही बाजूंना सारखी नसतील तर कुठलंही अलाइनमेंट मशीन त्या गाडीला सरळ करू शकत नाही.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

सगळे ढिले भाग सापडले, बदलले, आणि गाडी चाकांवर उभी असतानाच बुशांचे बोल्ट आवळले. लटकत्या आर्मवर आवळले तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि ते फाटतं. आता अलाइनमेंट.

तीन कोन. चाक वरून आत किंवा बाहेर किती कललं, ते कॅम्बर. वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा किती मागे आहे, ते कॅस्टर. त्याने वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं आणि हायवेवर गाडी ठाम राहते. चाकांची पुढची टोकं मागच्यांपेक्षा किती जवळ आहेत, तो टो.

कारखान्याचे जुने आकडे बायस-प्लाय टायरांसाठी होते, शिवाय ज्यांना पॉवर स्टिअरिंग नाही अशा लोकांना गाडी हलकी वाटावी म्हणून कॅस्टर अगदी कमी ठेवलेला असायचा. रेडियल टायरवर त्या आकड्यांनी गाडी हमखास डुलते. रेडियलसाठी साध्या रस्त्यावर चालवायला साधारण अर्धा अंश आत कललेला कॅम्बर, दोन ते तीन अंश धन कॅस्टर आणि सुमारे एक अष्टमांश इंच टो-इन ही चांगली सुरुवात आहे. पॉवर स्टिअरिंग नसेल तर पार्किंगमध्ये हात थोडे जास्त दुखतील.

अलाइनमेंटच्या दुकानातल्या मुलाच्या संगणकात १९६७ ची मस्टँग असते, पण तिचे आकडे तेच जुने असतात. तो ते हिरव्या रंगात दाखवून गाडी परत देईल. आपले आकडे कागदावर लिहून न्या, आधीचा आणि नंतरचा दोन्ही छापील कागद मागा, आणि काम सुरू होण्याआधी चालकाच्या जागी तुमच्या वजनाइतकं ओझं ठेवायला सांगा.